गाव भरलेले, वाचनालय बंद : तालुक्याच्या एका वाचनालयातील दिवाळीच्या बेताचे प्रकरण

आमच्या वाचनालयाच्या सुट्ट्यांच्या यादीत नरकचतुर्दशीपासून भाऊबीजेपर्यंत एकच आडवी रेघ असते. ती कोणी आणि कधी मारली हे आता कोणालाच आठवत नाही. दर वर्षी जुन्या यादीवरून नवी यादी उतरवली जाते, तिच्याबरोबर रेघही उतरते. नेमक्या याच दिवसांत गाव सर्वांत भरलेले असते. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेले येतात, माहेरवाशिणी येतात, त्यांची मुले येतात, वसतिगृहात राहणारी कॉलेजची पोरे येतात. एसटी स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते आणि वाचनालयाच्या दाराला कुलूप असते.

यंदाच्या दिवाळीत ही रेघ तोडायचे ठरले आहे. त्यासाठी काय काय करावे लागले, कुठे अडले आणि अजून काय सुटलेले नाही, ते लिहून ठेवतो आहे. मी कार्यकारिणीचा सभासद आहे, ग्रंथपाल नाही, त्यामुळे तांत्रिक गोष्टी आमच्या ग्रंथपाल बाईंनी जशा समजावल्या तशाच इथे येतील.

वाचनालयाची स्थिती थोडक्यात अशी. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि वर्गानुसार सरकारी अनुदान ठरते. आम्ही 'ब' वर्गात. वाचनालय चालवते गावची संस्था, अनुदान येते शासनाकडून, आणि हप्ता कोणत्या तारखेला येईल हे सांगायची हिंमत आमच्या खजिनदारांनी आजवर केलेली नाही. कर्मचारी तीन: ग्रंथपाल बाई, एक लेखनिक, एक शिपाई. त्यांचा पगार किती असतो हे या क्षेत्रातल्या वाचकांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना सांगायची लाज वाटते.

ऑगस्टच्या बैठकीत विषय आला तो 'दिवाळी पहाट'चा. शेजारच्या गावातल्या संस्थेने केली, मग आपण का नको? मंडप, ध्वनिव्यवस्था, गायक, तबलजी, चहा-फराळ. कार्यवाहांनी आकडा काढला, तेव्हा दिवाळी अंकांसाठी बाजूला ठेवलेली रक्कम त्यात पूर्ण जात होती आणि वर देणगी मागावी लागणार होती. बाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सर, गाणं मैदानावरही होतं. आपल्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि ते माळ्यावर पडलंय."

त्या सांगत होत्या ते खरे होते. माळ्यावर दोन लाकडी पेट्या आणि काही गठ्ठे होते, सगळे जुने दिवाळी अंक. दाखल नोंदवहीत त्यांतल्या निम्म्यांची नोंद होती, निम्म्यांची नव्हती. गठ्ठे खाली उतरवून धूळ झटकायलाच तीन दुपारी गेल्या.

मराठीत दिवाळी अंकाची प्रथा रुजवण्याचे श्रेय काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाच्या १९०९ सालच्या अंकाला दिले जाते. तो अंक आमच्याकडे नाही, असता तर हे लिहायला मी इथे बसलो नसतो. पण 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या तिन्ही भावंडांचे अंक आहेत. दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'चे आहेत, 'हंस' आणि 'सत्यकथा' आहेत, १९७१ साली सुरू झालेल्या 'किशोर'चे बरेच आहेत. आणि 'आवाज' आहे, त्याच्याविषयी पुढे सांगतो.

पहिला धक्का बांधीव अंकांनी दिला. कधीतरी एका बाइंडरने वर्षावर्षाचे अंक एकत्र बांधले होते. बांधताना मुखपृष्ठे काढून टाकली, जाहिरातींची पाने काढून टाकली आणि कडा समान याव्यात म्हणून चहूबाजूंनी कापल्या. त्या काळी ते नीटनेटके काम मानले जात असणार. जाहिरात म्हणजे मजकूर नव्हे, मग जागा कशाला अडवायची? आज प्रदर्शनाला येणारा माणूस पाहणार ते नेमके हेच: साबण, केशतेल, सायकल, रेडिओ, आणि दलालांच्या कुंचल्यातली मुखपृष्ठावरची बाई. म्हणून बांधीव खंड आम्ही बाजूला ठेवले. ज्यांची कोणी कधी फिकीर केली नाही, ज्यांची नोंदही नव्हती, ते गठ्ठ्यांतले सुटे अंक मात्र मुखपृष्ठासकट शाबूत होते. दुर्लक्षाने वाचवलेल्या वस्तूंची यादी कोणी केली तर त्यात हे अंक घालावेत.

शाबूत म्हणजे काय तेही सांगायला हवे. वृत्तपत्री कागदात लाकडातले लिग्निन तसेच राहिलेले असते. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो आणि कालांतराने कडकडीत होऊन तुटतो. पिना गंजून भोवतालचा कागद खातात. दोन-तीन अंकांत कसरीने पानांतून नागमोडी रस्ते काढले होते. कोणीतरी फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावली होती. पट्टी सुटून गेली, तिचा तपकिरी डाग राहिला.

असे अंक टेबलावर मांडून 'या, बघा' म्हणता येत नाही. आणि दोरीवर चिमटे लावून टांगणे, जे आम्ही आजवर नव्या अंकांसाठी करत आलो, ते तर अजिबात नाही. बाईंनी प्रकाशाचा हिशेब मांडला. संग्रहालये कागदासाठी साधारण ५० लक्स इतका मंद उजेड धरतात, आणि उजेडाने होणारे नुकसान साठत जाते: ते भरून येत नाही, पुन्हा अंधारात ठेवले म्हणून परतही फिरत नाही. आमच्या वाचनकक्षाला पश्चिमेची मोठी खिडकी आहे. संध्याकाळी चारनंतर तिथून येणाऱ्या उन्हात पेपर वाचायला चश्मा लागत नाही, असे आमचे ज्येष्ठ सभासद कौतुकाने सांगतात. त्याच खिडकीसमोर काचेचे कपाट आहे.

कपाट आता आतल्या, बालविभागाच्या खोलीत हलणार आहे आणि पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लागणार आहे. मूळ अंक काचेआड, एका वेळी थोडेच, प्रत्येकाचे एकच पान उघडे, आणि पाठीचा कणा ताणला जाऊ नये म्हणून खाली पुठ्ठ्याचा उतरता आधार. एक दिवसाआड पान पालटायचे. बाकी सगळे रंगीत प्रतींवर. मुखपृष्ठे आणि जाहिराती फळ्यांवर लागतील त्या प्रती असतील, त्यांना हात लावा, फोटो काढा.

इथे एका तरुण सभासदाने विचारले की मग सगळे अंक स्कॅन करून समाजमाध्यमांवर का टाकू नयेत. प्रश्न चांगला होता, आणि उत्तर अर्धे हो, अर्धे नाही असे आले. २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा आहे, मात्र मूळ छापील प्रत त्याच्याकडे असली पाहिजे. म्हणजे स्कॅन करून आपल्या संगणकावर ठेवता येते. सगळ्या जगाला वाटणे ही वेगळी गोष्ट. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि एका दिवाळी अंकात लेखक, कवी, चित्रकार धरून पन्नास माणसे असतात. कोण कधी गेले हे शोधत बसायला आमच्याकडे माणूस नाही. म्हणून स्कॅन जतनापुरते, आणि काही निवडक पाने भिंतीवर. त्या तरुणाला हे फारसे पटले नाही. स्कॅनिंगचे काम मात्र त्याने अंगावर घेतले आहे.

आता 'आवाज'. १९५१ साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेला हा विनोदी अंक ओळखला गेला तो त्यातल्या खिडकीचित्रांसाठी. पानाला कापलेली खिडकी, तिच्यातून दिसणारे काहीतरी चावट, आणि पान उलटले की भलताच निष्पाप प्रकार. वाचनालयात तो अंक एकेकाळी सर्वांत जास्त फिरला, हे त्याच्या पानांची अवस्थाच सांगते. बैठकीत वाद झाला, कारण कपाट जाणार होते बालविभागात. एक बाजू म्हणे, अंक नकोच. दुसरी म्हणे, हा मराठी छपाईतला एक खास प्रकार आहे, तो गाळला तर प्रदर्शन अपुरे. बाईंनी मार्ग काढला: अंक ठेवायचा, त्यातल्या त्यात सोवळे चित्र उघडे ठेवायचे, आणि कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर. दहा वर्षांखालच्या मुलाची मान तिथपर्यंत पोचत नाही. बारा वर्षांच्या मुलाला जे दिसेल त्याहून जास्त त्याच्या मोबाईलवर दिसते, असे एक सभासद म्हणाले आणि वाद तिथेच थांबला.

जुन्या अंकांचे गणित इतके अवघड जाईल असे वाटले नव्हते. खरा तिढा निघाला नव्या अंकांचा.

आमच्याकडे, बहुतेक वाचनालयांसारखीच, दिवाळी अंक योजना असते. सभासदाने नेहमीच्या वर्गणीवर वेगळी रक्कम भरायची, मग त्याला एका वेळी दोन अंक मिळतात आणि चार दिवसांत ते बदलायचे. एकेक अंक आता तीनशे-चारशे रुपयांच्या घरात गेला आहे, त्यामुळे घरी सगळे विकत घेणे कोणालाच जमत नाही आणि योजनेला मागणी असते. प्रत्येक अंकाची आमच्याकडे एकच प्रत येते. ती प्रदर्शनात मांडली, तर वाटायची कुठून? आणि वाटली, तर दिवाळीला आलेल्या पाहुण्यांना दाखवायचे काय?

कार्यवाहांचे म्हणणे, भाऊबीजेपर्यंत अंक वाचनकक्षातच ठेवू, योजना त्यानंतर सुरू करू. हे कानावर जाताच योजनेतले एक जुने सभासद तडक वाचनालयात आले. "दिवाळीचा अंक दिवाळीत नाही वाचायचा तर काय शिमग्याला वाचायचा?" त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पैसे त्यांनी भरलेत. शिवाय गावात वर्षभर टिकणारा वाचक तोच आहे, चार दिवसांचा पाहुणा नव्हे. पाहुण्यांना खूश करताना घरच्याला ताटावरून उठवायचे, हे बरोबर नव्हे.

शेवटी ठरले ते असे. अंक जसे येतील तसे योजनेतून बाहेर जातील, कोणाचेही अडणार नाही. जो अंक बाहेर गेला त्याच्या जागी भिंतीवर त्याच्या मुखपृष्ठाची प्रत आणि अनुक्रमणिकेची प्रत लागेल, खाली चिठ्ठी: 'वाचनात आहे, अमुक तारखेला परत'. जो बाहेर गेलेला नाही तो टेबलावर, कोणीही बसून वाचावा. पाहुण्याला अनुक्रमणिका वाचूनच पुष्कळ कळते, आणि हवा असेल तर तो विकत घेऊ शकतो. या मांडणीचा एक फायदा कोणी ठरवून काढला नव्हता: कोणते अंक सारखे बाहेर असतात आणि कोणते टेबलावर पडून राहतात, हे भिंतीवरच दिसेल. पुढच्या वर्षी कोणते घ्यायचे यावर बैठकीत होणारी भांडणे त्यामुळे थोडी कमी व्हावीत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी पहिले, ग्रंथ उपयोगासाठी आहेत, आमच्या दर्शनी भिंतीवर चौकटीत टांगलेले आहे. या वादात त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी बोट दाखवले.

मुलांसाठी किल्ला. यावर फार चर्चा झाली नाही, कारण दिवाळीत मुलांना किल्ला सोडून दुसरे काही सुचवायचे म्हणजे स्वतःचे हसे करून घेणे. वाचनालयाच्या मागच्या अंगणात जागा आहे, माती आहे, नळ आहे. 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी. मुलांच्या गटांनी यांतलाच किल्ला निवडायचा, आणि अट एकच: बांधण्याआधी वाचनालयातल्या पुस्तकातून त्याचा नकाशा शोधून काढायचा आणि किल्ल्यासमोर स्वतःच्या अक्षरातली एक पाटी लावायची. अट घातली कारण मागे एकदा शाळेच्या स्पर्धेत मी परीक्षक होतो, तेव्हा पाहिलेले सगळे किल्ले एकाच किल्ल्यासारखे होते. डोंगर, वर सिंहासन, खाली भाजीवाली आणि वाघ. सिंधुदुर्ग समुद्रातल्या बेटावर आहे आणि त्याचे बांधकाम १६६४ साली सुरू झाले, हे पाटीवर लिहिणाऱ्या मुलाला भोवती पाणी करावेच लागेल. खांदेरी घेणाऱ्यांनाही. अंगणात तळी किती होणार याची शिपायांना आत्तापासून काळजी लागली आहे. हळीव पेरायचे तर चार-पाच दिवस आधी, नाहीतर गवत उगवायच्या आत सुट्टी संपते.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी असतो, आणि तो परिपत्रकाप्रमाणे होईलच. गेल्या वर्षी त्याच्यानंतर दोनच दिवसांनी वसुबारस होती, म्हणून दोन्ही कार्यक्रम एकत्र उरकले आणि कोणताच धड झाला नाही. यंदा, २०२६ मध्ये, ज्येष्ठ अधिक आल्यामुळे दिवाळी पुढे गेली आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तेव्हा १५ ऑक्टोबरला फक्त किल्ल्यांची पुस्तके मांडायची आणि गटांची नावे घ्यायची, म्हणजे तो दिवस पुढच्या कामाला जोडला जाईल. इतकेच.

आता माणसांचा प्रश्न. रेघ तोडायची म्हणजे कोणाची तरी सुट्टी तोडायची, आणि बैठकीत ही गोष्ट सर्वांत उशिरा कोणाच्या लक्षात आली ते सांगायला संकोच वाटतो: आमच्याच. तासभर उत्साहाने बोलल्यावर लेखनिकांनी हळूच विचारले, "मग आम्ही घरी कधी जायचं?" ते मूळचे दुसऱ्या तालुक्यातले. वर्षातून एकदा आईवडिलांकडे जातात ते दिवाळीलाच. सगळे गप्प झाले.

त्यानंतरची आखणी त्या प्रश्नाभोवती झाली. नरकचतुर्दशी ते भाऊबीज कर्मचाऱ्यांची सुट्टी कायम राहील. त्या दिवसांत देवघेव होणार नाही. फक्त प्रदर्शन आणि वाचनकक्ष, सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते आठ, कार्यकारिणीचे सभासद आणि स्वयंसेवक दोन-दोन तासांच्या पाळीने बसतील. कपाटाची किल्ली फक्त अध्यक्षांकडे, आणि पान पालटायचे काम बाई आधी दोघांना शिकवून जाणार आहेत. स्वयंसेवकांत दिवाळीला गावी येणारी कॉलेजची पोरे आहेत. त्यांचे एक म्हणणे मला आवडले: घरी फराळाचे डबे पोचवण्याच्या कामातून सुटण्यासाठी यापेक्षा सभ्य कारण नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र पूर्ण बंद. त्या वेळी कोणी येणार नाही, आणि फटाक्यांच्या रात्री पाळी लावायची आमची छाती नाही. त्या दिवशी दुपारीच खिडक्या लावून घ्यायच्या, ठिणगी आणि धूर दोन्हींसाठी.

छोट्या छोट्या गोष्टींवरच जास्त वेळ गेला. उद्घाटनाला समई लागणार, ती ओसरीवर. आत तेल, वात, उदबत्ती काही नाही. उंबऱ्याजवळची रांगोळी फुलांची, कारण रंगाची पूड चपलांबरोबर आत येते आणि कागदावर बसते. हारतुरे नकोत म्हटल्यावर प्रमुख पाहुणे कोण हा प्रश्न आपोआप सुटला: गठ्ठे उतरवताना एका अंकात, शब्दकोड्याच्या पानावर, पेन्सिलीने सोडवलेले कोडे आणि खाली सभासद क्रमांक सापडला होता. जुन्या वहीत तो क्रमांक पाहिला तर गावातल्याच एका आजींचा निघाला. त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "वाचनालयाच्या अंकावर लिहिलं म्हणून दंड तर नाही ना मागायचा?" त्याच उद्घाटन करणार आहेत.

सुटलेले नाही ते बरेच आहे. पाळीवर बसणाऱ्या स्वयंसेवकाच्या वेळेत एखादा अंक नाहीसा झाला तर जबाबदार कोण, यावर ठराव झालेला नाही. नवे अंक वेळेवर येतील याची खात्री नाही. काही संपादक अंक धनत्रयोदशीला छापखान्यातून काढतात अशी त्यांची ख्याती आहे. नोंद नसलेले जुने अंक आता नोंदवहीत कोणत्या किमतीने घ्यायचे, यावर बाई आणि खजिनदार यांचे एकमत नाही. छापील किंमत बारा आणे आहे. आणि येणाऱ्यांची मोजणी कशी करायची? आमच्याकडे नोंद होते ती देवघेवीची. नुसता येऊन जाहिराती बघून हसून गेलेला माणूस कोणत्याच रकान्यात बसत नाही. दाराशी एक साधी वही ठेवू, नाव, कुठून आलात, आणि घरात कोणी पूर्वी इथले सभासद होते का, एवढे तीन रकाने. शेवटचा रकाना मी सुचवला आहे.

परवा गावात लावायच्या फलकाचे प्रूफ छापखान्यातून आले. अक्षर मोठे, सुबक, कोपऱ्यात पणती. मजकूर असा: 'दिवाळीनिमित्त दि. ८ नोव्हेंबर ते ११ नोव्हेंबर वाचनालय बंद राहील.' लेखनिकांनी नवा मजकूर पाठवला होता. छापखान्याने गेल्या वर्षीच्या फायलीत तारखा तेवढ्या बदलल्या होत्या.